नळ बंद करून

राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही बोलू शकत नाही आणि मेसेजला उत्तर म्हणून फक्त अंगठा पाठवता. अंगठ्यावरून गळ्यावरच्या टाक्यांची स्थिती कळत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. उत्तर पत्रानेच द्या, आणि पूर्ण वाक्यांत द्या.

मी परवा पोचले आणि कालपासून कामावर आहे. कान तपासायची यंत्रं बरोबर आवाज देतात की नाही हे कुणीतरी तपासावं लागतं, आणि ते कुणीतरी सध्या मीच असल्यामुळे लॅबमध्ये यंत्रांची रांग लागली आहे.

डॉक्टरांनी निघताना जे सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण तेव्हा आई पिशव्या भरत होती आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. थायरॉईडची गाठ पूर्ण निघाली. ती साधी होती, रिपोर्ट आला आहे, तो विषय संपला. गाठ काढताना आवाजाच्या पट्ट्यांकडे जाणारी डावीकडची नस ताणली गेली. तुटलेली नाही. पण डावी पट्टी सध्या नीट हलत नाही. येत्या शनिवारपर्यंत पूर्ण गप्प राहायचं. मग आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं आणि त्या सांगतील तसं रोज थोडं थोडं बोलायचं. कुजबुजायचं नाही. कुजबुजणं म्हणजे विश्रांती हा लोकांचा गैरसमज आहे.

राख लावून घ्यायला चर्चमध्ये जाऊ नका. कुणीतरी "आता कसं वाटतंय?" विचारेल आणि तुम्ही उत्तर द्याल.

जखम कोरडी आहे का? पाणी गिळताना ठसका लागतो का?

तुमची मुलगी

*

२३ फेब्रुवारी

प्रिय मापाडीणबाई,

जखम कोरडी. ठसका पाण्याला लागतो, आइस्क्रीमला लागत नाही. उपवासकाळ सुरू झालाय हे गळ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

राख घरपोच मिळाली. फादर स्वतः आले. माणूस मातीचा आहे, मातीलाच मिळणार, असं म्हणून त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. मी पाटीवर लिहून दाखवलं, "ऑपरेशनच्या टेबलावर तेच आठवत होतं." ते हसले आणि राख माझ्या चष्म्यावर सांडली.

तुझी आई मजेत आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच प्रत्येक भांडण ती जिंकते आहे. मी खडू शोधून उत्तर लिहीपर्यंत ती पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. काल मी खुणेनं चष्मा मागितला तर तिनं संत्रं सोलून दिलं. मी खाल्लं. न खाऊन सांगतो कुणाला?

स्टँडवर माझ्या जागी तिकीट खिडकीवरच्या कारकुनाला माइकपुढं बसवलंय. तो बस सुटल्याची घोषणा अशी करतो की कुणी गेल्याची बातमी देतोय. साहेब येऊन गेले. म्हणाले, घाई नको, आवाज नाहीच आला तर हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसा. मी मान डोलावली. तिथं छत्र्या खूप आहेत.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी उपवासकाळात आपण काहीतरी सोडतो. आई साखर सोडते आणि आपल्या सगळ्यांवर चिडते. यंदा मी बोलणं सोडलंय. शनिवारपर्यंत नाही, थेट गुड फ्रायडेपर्यंत. त्या दिवशी प्रभूच्या दुःखसहनाची, क्रूसावरच्या मरणाची कथा गायली जाईल तेव्हा निवेदकाच्या जागी नेहमीसारखा उभा राहीन आणि तोंड उघडेन ते पहिल्या ओळीलाच. तोवर आवाज देवाकडे ठेवलाय. त्याच्याकडून वस्तू हरवत नाही.

तू काय सोडलंस? काहीच नाही असं लिहू नकोस. तुझी आई पत्रं वाचते.

बाबा

*

२७ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

पत्र मिळालं. संत्र्याचा भाग दोनदा वाचला. बाकीचा एकदाच, कारण तो नीट कळला.

नवस आणि उपचार एकाच अवयवावर करू नका. डावी पट्टी हलत नाही तोवर उजवीनं थोडं पुढं सरकून तिला गाठायचं असतं. हे तिला आपोआप येत नाही, शिकवावं लागतं, आणि शिकवायची वेळ आत्ता आहे. सहा आठवडे बंद ठेवलेलं यंत्र मी पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात चालवून बघत नाही. तुम्ही तेच करायला निघाला आहात, तेही भरल्या चर्चसमोर.

आजाऱ्याला उपवास माफ असतो. हे मला तुम्हीच सांगितलंत. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी मला गोवर झाला होता आणि शुक्रवारचा उपवास मोडेल म्हणून मी सूप प्यायला तयार नव्हते, तेव्हा. फादरांना विचारा, ते वेगळं सांगणार नाहीत.

आणखी एक. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आई खाली औषधं आणायला गेली होती. तुम्ही मला हाक मारलीत. ओठ हलले, हवा आली, हाक आली नाही. आपण दोघांनीही ते ऐकलं. तुम्ही लगेच पाणी हवं असल्यासारखी खूण केलीत आणि मी लगेच पाणी दिलं. आठवतं का?

मी काही सोडलेलं नाही. आई वाचत असेल तर तिनंही वाचावं.

तुमची मुलगी

*

७ मार्च

बाळा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. यांनी ते वाचलं, घडी घातली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. उत्तर लिहा म्हटलं तर पाटीवर "उद्या" लिहितात. पाटीवर आता "उद्या" कायमचंच आहे, पुसतसुद्धा नाहीत.

त्या व्यायामवाल्या बाईंकडे हे गेलेच नाहीत. मी दोनदा वेळ घेतली. एकदा क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जाऊन बसले, एकदा प्रार्थना नसतानाच मोकळ्या चर्चमध्ये. देवाच्या घरी गेलेल्या माणसाला ओढून कसं आणायचं, तूच सांग.

आणि ऐक, हे मी सांगितलं म्हणून त्यांना कळवू नकोस. रोज दुपारी मी जरा आडवी झाले की हे न्हाणीघरात जातात. कडी लावतात आणि नळ पूर्ण सोडतात. बादली भरते, वाहते, तरी नळ चालूच. शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे पाहुणे उतरलेत का, टाकी रिकामी होतेय. काल मी दाराला कान लावला. पाण्याखाली काहीतरी घरघरत होतं. मला वाटतं रडतात. बाहेर आले तेव्हा डोळे लाल, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, हात गळ्यावर. मी चहा दिला तर घोट घशाखाली उतरेना.

मी साखर सोडलीये पण या वेळी कुणावर चिडायलाही जीव होत नाही. घर इतकं शांत कधी नव्हतं ग. यांचा आवाज मला डोक्यावर बसल्यासारखा वाटायचा. घरात बोलायचे तेही माइकवर बोलल्यासारखं, मीठ मागितलं तरी चार बसगाड्या सुटाव्यात. आता मीठ कुणी मागत नाही.

जेवतेस ना वेळेवर?

आई

*

११ मार्च

प्रिय बाबा,

आईनं मला कळवलं, आणि तुम्हाला सांगू नको असंही कळवलं. मी सांगते आहे. चिडायचं तर माझ्यावर चिडा.

तिला वाटतं तुम्ही नळ सोडून रडता. मला तसं वाटत नाही. रडून मानेच्या शिरा तशा फुगत नाहीत. तुम्ही न्हाणीघरात दुःखसहन गाता आहात. निवेदकाची पहिली ओळ, पूर्ण पट्टीत.

आता माझ्या कामातलं सांगते. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. त्याला ते कळतही नाही. कान आपला आवाज शोधतात, सापडला नाही की गळा जोर लावतो. तुम्ही इतकी वर्षं इंजिनांच्या घरघरीत बोलत आलात, तुमचा गळा तर यात मुरलेला आहे. नळ पूर्ण सोडून तुम्ही सुजलेल्या गळ्याला ओरडायला लावता आहात. तरी ऐकू काही येत नाही, म्हणून आणखी जोर. घोट घशाखाली उतरेना तो त्यामुळे.

नळ आईला ऐकू जाऊ नये म्हणून सोडता असं तुम्हाला वाटत असेल. मला वाटतं तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून सोडता. आणि बोलणं सोडलं तेही त्याचसाठी. देवाकडे ठेवलेली वस्तू उघडून बघावी लागत नाही.

हे कठोर वाटलं तर वाटू द्या.

नळ बंद करा. दार लावलेलं चालेल. ओठ मिटून फक्त "म" म्हणा, हळू, आणि जे येईल ते ऐका. वाईट असेल. पण वाईट आहे हे कळलं तर पुढं काही करता येतं. मोजलंच नाही तर मला, बाईंना, कुणालाच काही करता येत नाही. बाईंना मी इथून फोन केला आहे. सोमवारी सकाळी त्या तुमची वाट बघतील. त्या दिवशी क्रूसाची वाट नसते, मी चर्चमध्ये फोन करून विचारलं.

मला काळजी वाटते आहे. हे वाक्य लिहायला पाऊण पान लागलं, तेव्हा ते वाया घालवू नका.

तुमची मुलगी

*

२० मार्च

प्रिय मापाडीणबाई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला. तुला ते कळलं नसेल, कारण मी तसाही बोलत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात गेलो, कडी लावली, नळाला हातच लावला नाही. शेजारचं मूल पाढे म्हणत होतं ते ऐकू येत होतं. तू सांगितलंस तसा "म" म्हटला. पोरी, जुन्या कपाटाचं दार उघडावं तसा आवाज आला. अर्धा आवाज, अर्धी हवा. मी खरंच नळाकडे हात नेला होता. मग बादली पालथी घातली, तिच्यावर बसलो, आणि पुन्हा म्हटला. बाहेर आलो तर तुझी आई दारातच उभी. स्वयंपाकघरात जाऊन तिनं एवढ्या जोरात भांडी घासली की मला कळलं, तिनं ऐकलं.

फादरांना भेटलो. सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बोलणं सोडायचंच होतं तर ऑर्गनवाल्या बाईंच्या मागं बोलणं सोडायचंत, देवाला तेवढं पुरलं असतं." नवसातून मोकळं केलं.

व्यायामाच्या बाईंकडेही गेलो. वयानं तुझ्याएवढी, दयामाया तुझ्याएवढीच. मला, एवढ्या मोठ्या माणसाला, पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढायला लावते. म्हणते, हाच व्यायाम. आता घरात एक नळ बंद झालाय आणि एक नळी सुरू झालीये. घशाला आराम आहे. घोट उतरतो.

तू विचारलं होतंस, आठवतं का. आठवतं. आयुष्यभर हजारो लोकांना हाका मारल्या, कुणाची बस, कुणाचं हरवलेलं पोर. त्या दिवशी समोर बसलेल्या एका माणसाला हाक मारता आली नाही. पाणी नको होतं मला.

असो. एक गंमत आहे. पत्रात सांगायची नाही. लवकरच कळेल तुला.

बाबा

*

२६ मार्च

प्रिय बाबा,

बुडबुड्यांचा व्यायाम बरोबर आहे. चालू ठेवा. तुमचं पत्र मी डब्यासोबत कामावर नेलं आणि पुन्हा वाचलं, यापलीकडे त्याबद्दल काही लिहीत नाही.

इथं गडबड आहे. एका रुग्णालयाची बरीच यंत्रं एकदम आली आहेत आणि ती गुड फ्रायडेनंतर लगेच परत द्यायची आहेत. त्यात मंगळवारी एक वैताग. मी आवाजबंद खोलीत मोजमाप घेत होते, ते संपतच आलं होतं. बाहेरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना, शेवटी मीच गेले. कुणीतरी माणूस होता. मागं भरपूर गोंगाट, आवाज घोगरा, बहुतेक भरदुपारी पिऊन आलेला. म्हणतो, "ओळख बघू." मी सांगितलं, मी तुम्हाला ओळखत नाही, चुकीचा नंबर लागला आहे. आणि ठेवून दिला. सगळं मोजमाप पहिल्यापासून करावं लागलं.

निवेदकाच्या जागेचं काय ठरलं? बाईंना विचारल्याशिवाय ठरवू नका. आणि ती गंमत काय ते कळवा. मला अर्धवट माहिती आवडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची मुलगी

*

झावळ्यांचा रविवार, २९ मार्च

बाळा,

तू त्या पत्रात काय लिहिलंस? शनिवारी आलं. हे दारातच उभं राहून वाचत होते, हसतमुख. मग खुर्चीत बसले. मी विचारलं काय झालं, तर चार दिवसांनी पुन्हा कपाटावरून पाटी काढली आणि लिहिलं, "काही नाही."

तुला सांगू नको म्हणाले होते, आता सांगते. मंगळवारी हे पहिल्यांदा स्टँडवर गेले. बाईंनी दोन वाक्यं बोलायची मुभा दिली होती. यांनी ठरवलं, पहिलं वाक्य तुझ्याशी. कंट्रोल रूममधून फोन लावला. कारकून, साहेब, दोन ड्रायव्हर, सगळे भोवती उभे. मी पण होते, नवी साडी नेसून, काय सांगू तुला. यांनी रिसीव्हर धरला, बोलले, आणि मग नुसतेच धरून उभे राहिले. ठेवला आणि हातानं खूण केली, कामात आहे ती. सगळे म्हणाले, असणारच, मोठ्या कामावर आहे पोरगी. ड्रायव्हरनं पेढ्यासारखी सगळ्यांना लिमलेटची गोळी वाटली. येताना बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून होते. मला वाटलं, खरंच तू कामात असशील. काल तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं.

आज झावळ्या घेऊन सगळे गात होते. यांचे ओठसुद्धा हलले नाहीत. निवेदकाची जागा ऑर्गनवाल्या बाईंना देऊन टाका, असं फादरांना लिहून दिलं. पेल्यातली नळी फेकून दिली.

मी तुला बोल लावत नाही. पण तुझे कान कुठं होते ग?

आई

*

३१ मार्च

प्रिय बाबा,

आईचं पत्र आत्ता मिळालं.

मी ओळखलं नाही. फोनवरून खालचे सूर येत नाहीत, मागं इंजिनं चालू होती, माझं लक्ष मोजमापात होतं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही. मी जुना आवाज ऐकायच्या तयारीत बसले होते. नवा आला आणि मी ठेवून दिला. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून तुम्हाला निदान नळ तरी सोडावा लागत होता.

आणि मग तुम्हालाच ते लिहून कळवलं. पिऊन आलेला, असं.

त्या फोनमध्ये शब्द स्पष्ट होते. हे मी आज आठवून, शांतपणे सांगते आहे, समजूत काढायला नाही. "ओळख बघू," दोन्ही शब्द गोंगाटातून माझ्यापर्यंत पोचले. पट्ट्या एकमेकींना गाठू लागल्या आहेत. चूक ऐकणाऱ्याकडे होती.

मी शुक्रवारी सकाळी येते. शनिवारी यंत्रं द्यायची आहेत, म्हणून संध्याकाळच्या बसनं परत जावं लागेल. शेवटच्या बाकावर बसेन. तुम्ही गायलंच पाहिजे असं नाही. पण नळी नवी आणून ठेवा. ती दुकानात मिळते.

काय सोडलंस, असं विचारलं होतंत. उशीर झाला आहे, पण सोडते: समोरचा बोलून संपायच्या आत फोन ठेवणं.

तुमची

*

४ एप्रिल, शनिवार

प्रिय मापाडीणबाई,

हे पत्र पोस्टानं नाही, सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. दारात आणून देईल. त्याची बस मी इतकी वर्षं वेळेवर सोडलीये, तेवढं देणं लागतो.

काल तू आलीस, जेवलीस, भांडी घासलीस, तुझ्या आईशी हवापाण्यावर बोललीस. माझ्याशी बोलली नाहीस आणि मी तुझ्याशी. खाणीतले दोन दगड. तुझी आई मधल्यामध्ये एकटीच दोघांचं बोलत होती.

चर्चमध्ये जायच्या आधी फादरांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, निवेदक बाईच होतील, ठरलं ते ठरलं. पण शेकोटीपाशी उभा राहणारा तो शिष्य आहे ना, प्रभूची ओळख तीनदा नाकारणारा, त्याची वाक्यं दरवर्षी बाजारातला कसाई म्हणतो आणि यंदा कसायाला ताप आलाय. दोनच वाक्यं आहेत, तिसरा नकार निवेदकाच्याच तोंडी असतो. तीही घाबरलेल्या माणसाची. घाबरलेल्या माणसाला मोठा आवाज कशाला हवा?

आयुष्यभर मी निवेदकाच्या जागेवरून त्या शिष्याचं सांगितलं आणि मनात म्हणत आलो, काय भेकड माणूस. काल त्याच्या जागी उभा राहिलो. समोर सगळं गाव. बाईंनी प्रश्नापर्यंत आणून सोडलं, तूही त्याच्या शिष्यांतलाच ना? नळ नाही, इंजिन नाही, माइक मी मुद्दाम बाजूला सारला होता. शेवटच्या बाकावर तू, मान खाली घातलेली.

मी म्हणालो, "मी नव्हे."

कपाटाचं दार वाजलं. पण वाजलं. पुढच्या बाकावरची बाई दचकली, आणि तू मान वर केलीस.

दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा म्हणालो. तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो, खरं सांगायचं तर शिष्याच्या मानानं जरा जास्तच ठणकावून म्हणालो. फादरांनी भुवई उंचावली.

नंतर स्टँडवर, बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तू म्हणालीस, "शेवटच्या बाकापर्यंत पोचला." मी तुझं प्रमाणपत्र खिशात घालून घरी आलो. वाटेत नवी नळी घेतली.

आणि त्या फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. ज्यानं ओळख नाकारली त्याच्याच हाती पुढं स्वर्गाच्या किल्ल्या आल्या, हे तुला पहिल्या कम्युनियनच्या वर्षी शिकवलं होतं, पण तुला तेव्हा गोवर होता.

उद्या रविवार, पुनरुत्थानाचा. चर्चमधली मिस्सा झाली की घरूनच फोन करीन, नळ बंद असेल, तुझी आई शेजारी गप्प बसेल असं तिनं कबूल केलंय. तू उचल आणि "कोण बोलतंय?" असं विचारच. मला ऐकायचंय.

लागलं तर तीनदा सांगेन.

बाबा